अर्जातला रुग्ण

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची किंवा तत्सम एखाद्या संस्थेची, संशोधन-अनुदानासाठी प्रस्ताव मागविणारी सूचना प्रसिद्ध झाली की आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून आणि धर्मादाय रुग्णालयांतून जी धांदल उडते, तिचे वर्णन आमच्या वाचकांसाठी करण्याची गरज नाही. मुदत संपण्यास आठ-दहा दिवस उरले असता जुन्या अर्जांचे दप्तर धुंडाळले जाते, कोणा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधातील प्रास्ताविक उचलून त्याला नवा साज चढविला जातो, संख्याशास्त्रज्ञाकडून नमुन्याचा आकार घाईघाईने 'काढून' घेतला जातो, आणि अधिष्ठात्यांच्या सहीशिक्क्यासाठी कारकुनाच्या टेबलापाशी ताटकळण्यात अखेरचा दिवस खर्ची पडतो. संशोधन रुग्णकेंद्रित असावे, ही अपेक्षा अनुदान देणारे उघडपणे बोलून दाखवू लागल्यापासून या धांदलीत एका नव्या कलमाची भर पडली आहे. प्रत्येक मसुद्याच्या शेवटी 'रुग्णांचा सहभाग' या मथळ्याचा एक परिच्छेद हल्ली हटकून असतो, आणि तो वाचताच कळून येते की लेखकाने तो लिहिण्यापूर्वी एकाही रुग्णाला काही विचारलेले नाही.

रुग्ण त्या परिच्छेदात शोधू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो अर्जात खरोखर हजर आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर परिणाम कशाने मोजणार, तुलना कशाशी करणार आणि पैसा कशावर खर्चणार, हे जेथे लिहिलेले असते ती पाने उघडावीत. चाणाक्ष परीक्षक नेमके तेच करतो.

गुडघेदुखीचे उदाहरण घेऊ. औसा किंवा निलंगा तालुक्यातील पन्नाशी उलटलेली, उभे आयुष्य खुरपे हाती धरलेली एखादी स्त्री अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात येते आणि सांगते, "मांडी घालून बसता येईना, खुरपायला बसलं की उठताना कळ निघतीया." तिच्यासाठी दोन उपचारांपैकी कोणता अधिक गुणकारी, असा प्रश्न घेऊन आपण दरखास्त तयार करतो आणि परिणाम मोजण्यासाठी 'वूमॅक' ही जगन्मान्य प्रश्नावली त्या दरखास्तीला जोडतो. त्या प्रश्नावलीची विश्वसनीयता अनेक देशांत पारखली गेली आहे, याविषयी वाद नाही; परंतु दैनंदिन हालचालींविषयीच्या तिच्या सतरा कलमांत मोजे चढविताना व काढताना किती त्रास होतो, मोटारीत शिरताना व उतरताना किती, स्नानाच्या टबात पाय टाकताना किती, अशी विचारणा आहे, आणि तणात उकिडवे बसणे, चुलीपुढे बसून भाकरी थापणे, पंगतीत मांडी घालणे, यांचा मागमूसही नाही. परिणामी सहा महिन्यांनी त्या स्त्रीचे गुण सुधारलेले दिसावेत, उपचार यशस्वी ठरावा, प्रबंध छापला जावा, आणि ती मात्र खुरपणीला जाऊ शकत नसल्यामुळे घरातली एक मजुरी कायमची बुडालेली असावी, असा विपरीत प्रकार सहज संभवतो. यावर उपाय नाही असे नाही. रुग्णाने स्वतःला अडणारी काही कामे स्वतःच सांगावीत आणि त्यांतील प्रत्येकाची अडचण शून्य ते दहा या अंकांत मांडावी, अशी मोजमापाची पद्धत १९९५ पासून प्रसिद्ध आहे. तिची मराठीतील विश्वसनीयता आधी लहान प्रमाणावर तपासून तिला वूमॅकच्या बरोबरीने स्थान दिले, तर जगाशी तुलनाही राहते आणि औशाच्या त्या बाईचे म्हणणेही नोंदले जाते. असा एक पूर्वाभ्यास, कितीही छोटा असो, अर्जाला जे वजन देतो ते दहा संदर्भांनी येत नाही.

योगायोग असा की संशोधकांची आवड आणि रुग्णांची गरज यांतील अंतर जगाच्या नजरेस आणण्यात गुडघेदुखीचाच वाटा मोठा आहे. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका ब्रिटिश लेखाने दाखवून दिले की या विकारावरील प्रकाशित संशोधन मुख्यतः औषधांभोवती फिरत असताना, रुग्णांना हवी होती ती सांधेरोपणाची पारख आणि माहिती व मार्गदर्शन यांची नीट सोय. २००४ मध्ये स्थापन झालेली 'जेम्स लिंड अलायन्स' रुग्ण आणि वैद्य यांना एकत्र बसवून संशोधनाचे अग्रक्रम ठरविते. अमेरिकेत २०१० च्या कायद्यान्वये उभी राहिलेली 'पिकोरी' ही संस्था तर अर्जांच्या परीक्षणालाच शास्त्रज्ञांच्या शेजारी रुग्णांना बसविते. पिकोरीचा पैसा आपल्याकडे येण्याचा संभव फारसा नाही, पण तिची कसोटी उसनी घेण्यास कोणाचीच हरकत नसावी.

तसे पाहिले तर इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो असा की त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक ना एक व्याधी होती, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के होत्या. त्या काळी स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. अंगावरून पांढरे जाणे आणि कंबर भरून येणे या तक्रारी दवाखान्यात ऐकल्या जात, पण कोणाच्या संशोधनाचा विषय होत नसत. बंग दांपत्याने त्या तक्रारींनाच प्रश्नाचे रूप दिले, आणि दोन गावांच्या त्या अभ्यासाची दखल जगाला घ्यावी लागली.

आता तुलनेचा मुद्दा. आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शेजारी घडलेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात (लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होते) टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जो प्रयोग केला, त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या. गावांचे ५२ समूह करून ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे चार गटांत वाटले गेले. एका गटाची विषाणू-चाचणी, दुसऱ्याची पेशी-तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून नजरेने पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था, असा तो आराखडा होता. २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निष्कर्ष आले: विषाणू-चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात ६४. एकदाच केलेली एक चाचणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, ही गोष्ट मराठवाड्याच्या खेड्यांतून सिद्ध झाली, आणि आज जागतिक आरोग्य संघटना या रोगाच्या तपासणीसाठी तीच चाचणी पसंत करते. त्या कामाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही.

परंतु 'नेहमीची व्यवस्था' म्हणजे त्या काळच्या त्या खेड्यांत व्यवहारतः कोणतीही तपासणी नाही, असाच अर्थ होता, आणि ३१,४८८ स्त्रिया त्या गटात होत्या. जे नव्हतेच ते कोणाकडून हिरावले गेले नाही, असे समर्थकांनी म्हटले. पेशी-तपासणीचा उपयोग जगाला ठाऊक असताना असा गट ठेवणे योग्य नव्हते, असे टीकाकारांनी म्हटले. दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आम्हांस टीकाकारांचे म्हणणे अधिक पटते. आणि आज कोणी तसाच आराखडा मांडला तर नैतिकता समितीच्या पहिल्याच बैठकीत तो नामंजूर व्हावा, असे आम्हांस वाटते. अर्ज लिहिणाऱ्याने घ्यावयाचा बोध मात्र व्यवहाराचा आहे: तुलनेचे गट ठरविल्यावर तो तक्ता ज्यांच्यावर प्रयोग व्हावयाचा अशा पाच-सात व्यक्तींपुढे ठेवून, "यांतल्या कोणत्या गटात जायला तुम्ही राजी व्हाल, आणि कोणत्यात मुळीच नाही?" एवढे विचारावे, आणि मिळालेले उत्तर अर्जात जसेच्या तसे नमूद करावे. एखाद्या गटात जाण्यास कोणीच राजी नसेल, तर तो गट बदलण्याची वेळ अर्ज पाठविण्यापूर्वीचीच असते.

पाठपुराव्याच्या कोष्टकात तर आपल्या भागाची ओळखच नसते. 'सहा महिने पाठपुरावा, गळती दहा टक्के' हे वाक्य आम्ही इतक्या मसुद्यांत वाचले आहे की ते छापील नमुन्यातूनच येत असावे. मुखेड, कंधार किंवा जळकोटकडचा रुग्ण भाद्रपदात नोंदविला, तर आधी सोयाबीनची काढणी येते आणि दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघून जातात, ती गळीत हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. त्यांची गळती दहा टक्के धरणारा नमुन्याचा आकार काढतानाच चुकलेला असतो. रुग्णनोंदणी चैत्रात सुरू करावी, अथवा फडावरच्या टोळीपर्यंत दूरध्वनीने पोहोचण्याची तजवीज करावी. पण काय केले आणि का केले, हे अर्जात लिहावे. दिल्लीतील परीक्षकाला मराठवाड्याचा ऊसतोड-हंगाम ठाऊक नसतो, आणि जो संशोधक तो समजावून सांगतो त्याच्याविषयी त्याचे मत आपोआप चांगले होते. भाषेचीही गोष्ट अशीच. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूरच्या तांड्यांवर बंजारा आणि पाड्यांवर गोंडी-कोलामी, शहरांत दखनी उर्दू, असे असता एकाच मराठी संमतिपत्राने जिल्हा व्यापल्याचे लिहिणे धाडसाचे आहे.

राहता राहिला खर्च. उपकरणे, रसायने, संगणक, परिषदांचा प्रवास यांचे रकाने तपशीलवार भरलेले असतात, आणि रुग्णाच्या नावाचा रकाना 'किरकोळ'मध्ये विरघळलेला असतो. राज्य परिवहनाच्या गाडीत स्त्रियांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे. तेव्हा तिकिटाची रक्कम भरून दिली म्हणजे भरपाई झाली, असे समजणाऱ्याने बुडालेल्या रोजंदारीचा आणि सोबत आलेल्या माणसाच्याही रोजंदारीचा हिशेब केलेला नसतो. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रवासखर्च व बुडालेली मजुरी भरून देण्यास मुभा देतात. मात्र ही रक्कम आमिष ठरू नये, हे समितीला पटवून द्यावे लागते. तीच गोष्ट आशा कार्यकर्तीची: गावात शिरण्याचा आपला सारा मार्ग तिच्या उंबऱ्यावरून जात असता तिचे मानधन अंदाजपत्रकात नसणे, हे आम्ही सौम्य शब्दांत अन्यायाचे म्हणतो. आणि एक इशारा धर्मादाय संस्थांसाठी: परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वर्ग करता येत नाही, म्हणून पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेचे उपअनुदान गृहीत धरून आखलेला परदेशी पैशाचा आराखडा कितीही सुंदर असला तरी मंजूर होणार नाही.

या सर्वांस वेळ कोठून आणावा, हा प्रश्न रास्त आहे. दिवसभर रुग्ण तपासून, व्याख्याने देऊन आणि निरीक्षणाच्या भेटींची कागदपत्रे जुळवून जो अध्यापक रात्री अर्ज लिहावयास बसतो, त्याच्यापुढे आणखी एक कर्तव्य मांडताना संकोच वाटतो. पण नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ पासून, लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून रुग्णांचे बोलणे ऐकत आले आहे. अणदूरच्या 'हॅलो' या आरोग्यसंस्थेने तर गावोगावच्या स्त्रियांनाच 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. प्रश्नांचा एवढा साठा ज्या प्रदेशात आहे, तेथील अर्ज परक्या प्रदेशाच्या प्रश्नांवर लिहिले जावेत, हे आम्हांस मान्य नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच. पुढची सूचना प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता, आपापल्या बाह्यरुग्ण कक्षात रुग्णांनी विचारलेले आणि आपल्यापाशी ज्यांचे उत्तर नव्हते असे प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, नावगाव वगळून लिहून ठेवावेत आणि आमच्याकडे पाठवावेत. आलेले प्रश्न पुढील अंकापासून या मासिकात क्रमशः छापले जातील, आणि त्यांतील कोणताही प्रश्न कोणत्याही संशोधकाने आपल्या अर्जासाठी खुशाल उचलावा.