सीडी सापडली, पण लावायची कुठे?

कपाट आवरताना कधी तरी एखादी जुनी सीडी हाती लागते. वर लिहिलेलं असतं, ‘आई-बाबांचं लग्न, २००६’. तुम्ही न पाहिलेले पणजोबा त्यात चालतात-बोलतात म्हणे! आणि नव्या लॅपटॉपला तर सीडी घालायची जागाच नाही. मग ड्राइव्ह घ्यायचा, पण कोणता?

आधी घरातल्या तबकड्या तपासा. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे, तिन्ही १२ सेंटिमीटरच्याच. पण वाचणारा लेसर वेगळा. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०चा, ब्लू-रेचा ४०५चा. लहर जितकी आखूड, तितके ठिपके बारीक आणि माहिती जास्त. सीडीत मावतात ७०० मेगाबाइट, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट, ब्लू-रेच्या एका थरात तब्बल २५! डीव्हीडी रायटरमध्ये पहिले दोन्ही लेसर असतात, म्हणून तो सीडीही वाचतो. घरात ब्लू-रे नाही ना? मग तिच्यासाठी जादा पैसे कशाला?

डेस्कटॉप असेल तर आत बसणारा ‘साटा’ ड्राइव्ह चालेल, पण कॅबिनेटला समोर खाचा आहे ना, ते बघून घ्या. बर्डीवर कुणी रुंद पट्टीच्या वायरीचा जुना ड्राइव्ह स्वस्तात देऊ लागलं, तर नको म्हणा. आजच्या मदरबोर्डवर ती पट्टी लावायला जागाच नसते. लॅपटॉपसाठी यूएसबीचा घ्या. तो वीजही त्याच वायरीतून ओढतो, म्हणून हबमध्ये न खुपसता थेट लावा.

खोक्यावरच्या ‘२४ एक्स’ला भुलू नका बरं का! सीडीचा एक ‘एक्स’ म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. ओरखडे पडलेल्या सीडीवर ड्राइव्ह आपणच हळू होतो.

घाई मात्र करा. घरी ‘राइट’ केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या पातळ थरात असते. तो उन्हानं, उष्णतेनं बिघडतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पार जातो! नवतपात गच्चीखालच्या खोलीतलं कपाट कसं तापतं, हे का तुम्हाला सांगायला हवं?

सीडी पुसाल तर मऊ कापडानं, मधून कडेकडे. गोल गोल नाही. आणि नावाच्या बाजूला बॉलपेन टेकवू नका. सीडीचा माहितीचा थर त्याच बाजूला, अगदी वरच असतो.

ड्राइव्ह घरी आला, की लग्नाची सीडी आधी लावा. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी पेन ड्राइव्हवर. सिनेमांच्या सीड्या मग सावकाश!