अस्सल, नक्कल आणि कबुली

न्यू जर्सीतील आमच्या पार्सिपनीहून दक्षिणेस मोटारीने अर्ध्या तासाच्या वाटेवर मरे हिल येथे बेल लॅब्ज ही प्रयोगशाळा आहे. तेथेच १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, आणि आमच्या गावातील जी मराठी मुले रात्री-अपरात्री दूरच्या सर्व्हरांची शुश्रूषा करीत बसतात, त्यांच्यापैकी अनेकांचा चरितार्थ त्याच कुळातील लिनक्सवर चालतो.

अशाच एका स्नेह्याच्या चिरंजीवांनी मला परवा चहा घेता घेता समजावले, "काका, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हा तलाठी समजा." प्रत्येक प्रोग्रॅमला सारी स्मृती आपलीच वाटते, प्रत्यक्षात ४,०९६ बाइटांचे कोणते पान कोणाच्या नावे, याचे दप्तर कर्नलपाशी. अस्सल पान वाचण्यास अनेकांना खुले. मात्र कोणी त्यावर लिहू लागताच कर्नल त्याच्या हाती नक्कल ठेवतो. 'डर्टी काऊ' नावाने गाजलेल्या दोषात अर्जदार प्रोग्रॅमचाच दुसरा हस्तक ती नक्कल ऐन क्षणी रद्द करवी, आणि गोंधळलेला कर्नल त्याची लेखणी अस्सलावरच टेकू देई! वर्षानुवर्षे असंख्य यंत्रांत राहिलेला हा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये मोजक्या ओळींनी दूर झाला.

मला महत्त्वाची वाटते ती त्या ओळींसोबतची नोंद. हा दोष पुरातन असून अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करू पाहिला होता, पण वाईट रीतीने, आणि दुसऱ्या जातीच्या यंत्रावर अडचण आल्याने ती दुरुस्ती रद्द झाली, असे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तीत स्वतःच्या नावानिशी लिहिले आहे.

अशा कबुलीने प्रतिष्ठा उणावते, असे आमच्या कचेऱ्यांतून मानतात. म्हणून तेथे प्रत्येक प्रमाद 'तांत्रिक कारणास्तव' घडतो आणि करणारा हात अदृश्य राहतो. पण एकदा केलेली दुरुस्ती का मोडली, हे ज्याला ठाऊक नाही, तो पुढचा सद्धेतू मनुष्य ती पुन्हा मोडणारच. म्हणून झालेल्या चुकीचा इतिहास लिहिणे हा विनय नसून दुरुस्तीचाच अविभाज्य भाग होय. आणि ही रीत आपल्याला परकी नाही: सातबाऱ्यावर जुने नाव पुसत नाहीत; पूर्वी त्याला कंस करीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालीत.