दुधासोबत आजारही लिहा

सिन्नर-निफाडच्या गोठ्यात संकरित कालवड गोचीडतापाने मान टाकते, तेव्हा इगतपुरीच्या डोंगरात गोचिडांतच वाढलेली डांगी गाय बहुधा तग धरते. तिचं तेलकट कातडं मुसळधार पाऊस अंगावर ठरू देत नाही, काळी कठीण खुरं दगडधोंड्यांत टिकतात. हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचं फळ आहे. डांगीचं दूध कमी, म्हणून होल्स्टीनचा संकर आला आणि त्याने अनेक घरं उभी केली. आक्षेप संकराला नाही, निवडीच्या पद्धतीला आहे.

गाय माजावर आली की आपण एवढंच विचारतो, वळूच्या आईचं दूध किती? पण जादा दूध आणि दगडी, म्हणजे कासदाह, यांचं आनुवंशिक नातं आहे. नुसत्या दुधावर वळू निवडत गेलो, तर पुढच्या पिढ्यांत दगडीचा धोकाही वाढतो.

पण ‘आजार रक्तातच आहे’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. गायीगायींच्या दुधात जो फरक दिसतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३० टक्के; दगडीच्या बाबतीत तो बहुधा १० टक्क्यांच्या आतच. बाकी सगळं ओला गोठा, धारेचे अस्वच्छ हात, वेळेवर न झालेले उपचार यांसारखी कारणं. मात्र गोठा रोज धुवावा लागतो, तर निवडलेला गुण लेकीत, नातीत साठत जातो. नॉर्वेने १९७८ पासून वळूच्या निवडीत कासदाहही धरला. हे शक्य झालं, कारण तिथे गायीच्या उपचारांची नोंद होत होती.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच वाशीममध्ये ‘गौचिप’चं लोकार्पण झालं. ही चिप गायीची जनुकं वाचते. पण कोणत्या जनुकांच्या गायी जास्त आजारी पडतात, हे हजारो गायींच्या नोंदींशिवाय कळणार नाही. आपल्या गायींच्या कानात बारा अंकी टॅग आहे, आजार मात्र बहुतेकदा डॉक्टरांच्या आणि मालकाच्या आठवणीतच राहतो.

दूध संघांनी प्रत्येक उपचार टॅगच्या नंबरावर नोंदवावा. सीमेनची कांडी देताना त्या वळूच्या मुलींच्या कासेचीही माहिती द्यावी. आणि शेतकऱ्याने आजच एक वही करावी: टॅग, वळूचा नंबर, वेत, आजार, तारीख. वेतामागून वेत दगडी होणाऱ्या गायीची कालवड पैदाशीला ठेवायची की नाही, हे त्या वहीत पाहून ठरवावं.