देशोदेशींचें खाणेंपिणें : ज्यूराची पिवळी वाईन

द्राक्षांपासून होणारें पेय आपल्या घरांत आलें तें बहुधा वैद्यांच्या हातून. अशक्त माणसास जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव द्यावें, यापलीकडे या विषयाशीं आपला संबंध सहसा येत नाहीं. आणि तो वाढवावा असें सुचविण्याचा या सदराचा हेतूहि नाहीं. परंतु एखादी वस्तु आपण तोंडास लावीत नसलों तरी ती कशी होते, तिच्यापायीं माणसें कोणते कष्ट सोसतात व कोणता धोका पत्करतात, हें समजून घेण्यांत गोडी असूं शकते. म्हणून या खेपेस वाचकांस फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील एका लहानशा डोंगराळ मुलुखांत न्यावयाचें आहे.

फ्रेंच लोक वाईन ओळखतात ती बहुधा गांवाच्या किंवा प्रांताच्या नांवानें. बोर्दो, बर्गंडी, शांपेन हीं सारीं प्रदेशांचींच नांवें. या मोठ्या नांवांच्या गर्दींत ज्यूराचें नांव परक्या माणसाच्या कानीं क्वचितच पडतें. बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्यें ही डोंगरओळ पसरलेली आहे. भूगर्भशास्त्रांतील ज्युरासिक कालखंडाचें नांव हिच्यावरूनच पडलें. पश्चिमेकडील उतारांवर, चुनखडीच्या व निळसर-करड्या चिकण मातीच्या जमिनींत, आर्ब्वा, शातो-शालों वगैरे गांवांचे द्राक्षमळे आहेत. तेथें साव्हान्यें नांवाचें एक पांढरें द्राक्ष होतें. तें उशिरां पिकतें, आणि त्याच्याच रसापासून येथील सुप्रसिद्ध ‘व्हँ झोन’, म्हणजे पिवळी वाईन, करतात.

तिची कृति ऐकली तर दुसऱ्या प्रांतांतील वाईन करणारा कपाळास हात लावील. वाईन लांकडी पिपांत ठेवली कीं ती थोडी थोडी उडून जाते आणि वर पोकळी पडते. एरवीं अशा वेळीं वरून वाईन ओतून पीप कांठोकांठ भरून काढतात. कारण पोकळींत हवा राहिली कीं वाईनचा शिरका होण्यास वेळ लागत नाहीं. आपल्याकडे घरांतील वडील बायका लोणच्याच्या फोडी तेलाखालीं बुडाल्या आहेत कीं नाहींत हें पुनःपुन्हां पाहतात, त्यांतील मर्म तेंच : हवेला आंत शिरकाव मिळूं द्यावयाचा नाहीं. ज्यूराचा शेतकरी मात्र २२८ लिटरच्या पिपांत वाईन भरतो आणि पुढें वर्षानुवर्षें त्यांत थेंबहि घालीत नाहीं. पोकळी वाढते, हवा राहते, आणि वाईनच्या पृष्ठभागावर यीस्टच्या सूक्ष्म पेशींची एक पातळ, करडी साय धरते. तिला तेथें ‘पडदा’ म्हणतात.

सारें कांहीं या पडद्यावर अवलंबून. हवेंतील प्राणवायु तो स्वतःच वापरतो, मद्यार्काच्या कांहीं अंशावर जगतो, आणि त्या बदल्यांत वाईनला निराळाच वास व रुचि आणतो. अक्रोड, सुकीं फळें, गरम मसाला अशा उपमा जाणते लोक या वासास देतात. रसायनशास्त्रज्ञांनीं त्याचा छडा लावला तेव्हां सोटोलोन नांवाचें एक द्रव्य हातीं लागलें. आपल्या मेथीच्या दाण्यांस जो विशिष्ट वास असतो तो मुख्यतः याच सोटोलोनमुळें! मेथीचा डबा उघडणाऱ्या गृहिणीस आणि ज्यूराच्या तळघरांत उतरणाऱ्या शेतकऱ्यास एकाच द्रव्याचा वास येतो, ही मौज खरोखर सांगण्यासारखी आहे.

परंतु पडदा ही कांहीं हुकमी वस्तु नव्हे. एखाद्या पिपांत तो नीट धरतच नाहीं, एखाद्यांत मधेंच विरतो, आणि मग शिरक्याचे जंतु आपलें काम करूं लागतात. म्हणून ठराविक काळानें प्रत्येक पिपांतील नमुना काढून तपासावा लागतो आणि बिघडूं लागलेलें पीप वेळींच बाजूस काढावें लागतें. चार वर्षें सांभाळलेलें पीप पांचव्या वर्षीं गेलें, तर त्याची दाद कोणाकडे मागणार?

या जंतूंची ओळख जगास करून देणारा लुई पाश्चर याच मुलुखांतला, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्याचा जन्म १८२२ सालीं दोल येथें झाला आणि बालपण आर्ब्वा येथें गेलें. बाप चामडें कमावण्याचा धंदा करी. १८६३ सालीं बादशहा तिसरा नेपोलियन याच्या सूचनेवरून त्यानें वाईनच्या ‘रोगां’चा अभ्यास हातीं घेतला, तेव्हां प्रयोगांसाठीं तो आर्ब्वासच आला. १८६६ सालीं त्याचा त्यावरील ग्रंथ निघाला. आपण ज्या पाश्चरीकरणाची गोष्ट दुधाच्या संबंधांत ऐकतों, त्याचा पहिला विचार वाईनसाठीं झाला होता.

पाश्चरच्या हयातींतच या मुलुखावर मोठें संकट आलें. फिलोक्सेरा नांवाचा, वेलींच्या मुळांस लागणारा अमेरिकन किडा येथें पसरला आणि मळेच्या मळे वाळले. पूर्वीं सुमारें वीस हजार हेक्टर असलेली द्राक्षांची लागवड आज दोन हजारांच्या आसपास आहे. उरलेल्यांस एकट्यानें तग धरणें कठीण होतें. कोंते नांवाच्या चीजसाठीं गांवाचें दूध एकत्र करण्याची जुनी वहिवाट तेथें होतीच. त्याच धर्तीवर १९०६ सालीं आर्ब्वाच्या शेतकऱ्यांनीं वाईनची सहकारी संस्था काढली. पुढें १९३६ सालीं फ्रान्समध्यें प्रदेशनामांस कायद्याचें संरक्षण मिळूं लागलें, तेव्हां अगदीं पहिल्या नांवांत आर्ब्वाचें नांव होतें.

या कायद्यानें पिवळ्या वाईनची मुदतहि बांधून दिली आहे. द्राक्षें तोडल्यानंतरच्या सहाव्या वर्षाचा १५ डिसेंबर येईपर्यंत ती बाटलींत भरतां येत नाहीं, आणि त्यांपैकीं निदान साठ महिने ती न भरलेल्या पिपांत पडद्याखालीं असावी लागते. शातो-शालोंचे लोक तर याहूनहि कडक. डोंगरमाथ्यावरचें हें चिमुकलें गांव. त्याच्या नांवाचे मळे सुमारें पन्नास हेक्टर. तोडणीपूर्वीं पाहणी करणारी मंडळी मळ्यांतून हिंडते, आणि द्राक्षें योग्य न वाटल्यास त्या वर्षीं गांवाचें नांव कोणत्याच बाटलीवर येत नाहीं. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या चार सालांची शातो-शालों म्हणूनच नाहीं. स्वतःच्या मालास स्वतःच नापास करणें, आणि तेंहि शेजाऱ्यापाजाऱ्यांसह, ही गोष्ट मला तरी त्या पडद्याहून अधिक नवलाची वाटते.

बाटलीहि निराळी, बुटकी व रुंद खांद्यांची, ६२ सेंटिलिटरची. एक लिटरपैकीं सहा वर्षांनीं एवढेंच उरतें, असें तेथें सांगतात. ही वाईन टिकते मात्र विलक्षण. १७७४ सालच्या, म्हणजे सवाई माधवरावांचा पुरंदरावर जन्म झाला त्या वर्षींच्या द्राक्षांची एक बाटली २०१८ सालीं एक लाख युरोंहून अधिक किंमतीस विकली गेली. गवतावर किंवा टांगून द्राक्षें सुकवून केलेली एक गोड वाईनहि याच मुलुखांत होते. तिच्याविषयीं पुन्हां केव्हां तरी.

एप्रिल २०२१ मध्यें, कोंब फुटले असतां, ज्यूरावर कडक हिंव पडलें आणि त्या वर्षींच्या पिकाचा फार मोठा भाग गेला. जीं थोडकीं द्राक्षें हातीं आलीं त्यांतील कांहीं लगेच विकतां येणाऱ्या वाईनसाठीं वापरावीं, कीं पिपांत घालून सहा वर्षें थांबावें, हा प्रश्न प्रत्येक घरापुढें होता. ज्यांनीं पिपें भरलीं त्यांस तीं १५ डिसेंबर २०२७ पूर्वीं बाटलींत उतरवितां येत नाहींत. तोंवर त्यांतील किती पडद्याखालीं नीट राहतील, हें पिपें भरतांना कोणासच ठाऊक नव्हतें.