नव्या यंत्रांत जुनी प्रणाली घालावी काय ?

या अंकाच्या मराठी विभागाचें काम मजकडे आलें, तेव्हां मागील अंकांतील मुलांचे कांहीं निबंध पुन्हां छापावे असें मनांत आलें. ते निबंध एका सीडीवर होते. सीडी शाबूत होती, फाईलहि उघडली. परंतु पडद्यावर मराठीचें एकहि अक्षर नव्हतें. रोमन अक्षरें, टिंबें, कंस व आंकडे यांची एक विचित्र खिचडी तेवढी दिसली. जाणत्यांना यांत नवल वाटणार नाहीं. युनिकोडमध्यें देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र जागा आहे. तथापि आपल्याकडील छापखान्यांतून व कचेऱ्यांतून त्यानंतरहि कित्येक वर्षें निरनिराळ्या कंपन्यांचे आपापले फॉन्टच चालत राहिले. त्यांत इंग्रजी अक्षराच्या घरांत मराठी अक्षराचा तुकडा बसविलेला असे. फॉन्ट नाहींसा झाला कीं भाडेकरू जातो व मूळचा मालक दारांत उभा दिसतो.

तो फॉन्ट शाळेच्या जुन्या संगणकांत, विंडोज ७ वर, होता. तो संगणक गतवर्षीं कायमचा बंद पडला व त्याच्या जागीं नवा आला. साहजिकच सर्वांचा सल्ला पडला कीं नव्या संगणकांत विंडोज ७ घालावें, म्हणजे झालें. नाताळच्या सुटींत मीं तें करून पाहिलें, व त्यावरून माझें जें मत बनलें तें येथें मांडतों.

यंत्र सुरू होतांना कीबोर्ड व माऊस उत्तम चालत होते. पण प्रणालीच्या पहिल्याच पडद्यावर दोन्ही निश्चेष्ट झाले. यंत्र बिघडलें असें समजून मी तें दुकानांत नेण्याच्या बेतांत होतों. वस्तुतः बिघाड कांहींच नव्हता. विंडोज ७ बाजारांत आलें २००९ सालीं. यूएसबी ३ ओळखण्याचें साधन त्याच्याजवळ मुळांतच नाहीं. आणि २०१५ नंतरच्या पुष्कळ यंत्रांतून यूएसबी २ चा जुना नियंत्रक अजिबात काढून टाकलेला असतो. त्याहूनहि फसवी म्हणजे पडद्यावर येणारी सूचना. सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सांपडत नाहीं, असें ती सांगते, आणि आपण तर पेनड्राइव्हवरून काम करीत असतों ! त्या शब्दांवर विसंबून मीं अर्धा दिवस घालविला. खरा उपाय असा कीं यूएसबी ३ चे ड्रायव्हर पेनड्राइव्हवरील प्रतींत आधींच मिसळून घ्यावे, आणि तेहि दोन ठिकाणीं : प्रणाली बसविणाऱ्या भागांत व बसविल्या जाणाऱ्या भागांत. एकाच ठिकाणीं घातले तर प्रणाली बसते खरी, परंतु बसल्यावर कीबोर्ड पुन्हां मुका तो मुकाच.

पुढें सिक्युअर बूट बंद करावें लागलें व जुन्या पद्धतीनें सुरू होण्याची सोय चालू करावी लागली. अनेक नव्या यंत्रांत ही सोयच उरलेली नाहीं, तेथें हा उद्योग आरंभींच संपतो. नव्या जातीची एनव्हीएमई डिस्क विंडोज ७ ला दिसेना. तिच्यासाठींहि निराळी भर घालावी लागली. चौथ्या दिवशीं सायंकाळीं प्रणाली एकदांची बसली. पडदा भरड, वायफाय नाहीं, आवाज नाहीं. या यंत्राच्या कर्त्यांनीं तिच्यासाठीं ड्रायव्हर केलेलेच नाहींत. शिवाय १४ जानेवारी २०२० नंतर कंपनीनें सर्वसाधारण ग्राहकांस तिच्या संरक्षणाच्या दुरुस्त्या देणें बंद केलें आहे, तेव्हां मुलांच्या हातीं असें यंत्र इंटरनेटसह देणें मला तरी जबाबदारीचें वाटत नाहीं. आणि इतकें करूनहि फॉन्ट कोठें होता ? तो जुन्या यंत्राबरोबरच गेलेला ! हें माझ्या ध्यानांत तेव्हां आलें, हें कबूल करण्यास लाज वाटते.

त्या वर्षीं आमचा अंक सांगलीस छापला जाई. तेथील वृद्ध अक्षरजुळाऱ्यांना फोन केला. सर्व हकीकत ऐकून ते म्हणाले, “मास्तर, तुम्हांला विंडोज पाहिजे आहे, कीं पोरांचे निबंध ?” त्यांच्या छापखान्यांतील जुन्या डिस्क २०१९ च्या महापुरांत गेल्या, फॉन्टची फाईल मात्र मुलाच्या लॅपटॉपवर होती. ती त्यांनीं पाठविली. मीं नव्या प्रणालीवरच ती बसविली, आणि पांच मिनिटांत निबंध पडद्यावर उभे राहिले.

माझें म्हणणें असें नव्हे कीं जुनी प्रणाली कोठेंच नको. पेजमेकरमध्यें लावलेलीं पानें किंवा जुन्या डोंगलशिवाय न उघडणारें सॉफ्टवेअर असेल, तर नव्या संगणकाच्या पोटांत आभासी यंत्र करून तींत ती ठेवावी, व बाहेरच्या जगाशीं तिचा संबंध तोडावा. मिरज स्थानकांत १९७१ नंतर कांहीं वर्षें ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ होते. म्हणून मीटरगेजचें इंजिन ब्रॉडगेजवर चढविण्याचा हट्ट कोणी धरला नाहीं. माल एका डब्यांतून दुसऱ्यांत हलविला जाई. आमचा माल म्हणजे मजकूर. तो युनिकोडमध्यें हलविणें हेंच खरें काम, आणि तें कंटाळवाणें आहे. रूपांतर करणारीं साधनें आहेत. पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, रफार सुटतो, जोडाक्षरें फुटतात. ओळन् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. नववीच्या मुलांना मीं या कामास लाविलें आहे, व शुद्धलेखनाच्या तासापेक्षां त्यांत त्यांचें मन अधिक रमतें असें दिसतें.

१८४२ सालीं निघालेल्या ‘ज्ञानोदया’चा अंक हातीं आला तर आजहि चष्मा लावून वाचतां येतो, १९२० पासूनचें किर्लोस्करवाडीचें मासिकहि तसेंच. आणि आमच्याच शाळेंतील वीस वर्षांपूर्वींचे निबंध आम्हांस वाचतां येऊं नयेत ! त्या काळीं दोष कोणाचा होता हें उगाळण्यांत अर्थ नाहीं. पण आजहि फाईल एकाच यंत्रांत, एकाच कपाटांत ठेवणाऱ्या शाळा कृष्णाकांठीं थोड्या नाहींत.

सीडीवरील आठांपैकीं सात निबंध या अंकांत दिले आहेत. आठव्याची फाईल अर्धीच उघडते. तो लिहिणारी मुलगी आतां साताऱ्यासच परिचारिका आहे. मीं तिला विचारून पाहिलें. वही राहिली नाहीं, पण शेवट आठवतो, असें ती म्हणाली. पुढील रविवारीं ती येणार आहे.