पिछाडीचा खेळाडू

फूटबॉलचा सामना आटोपून मुलें मैदानाबाहेर पडूं लागलीं म्हणजे पाहणारांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : गोल कोणीं केला? करमाडसारखें गांव असो वा मुंबईसारखें शहर असो, या प्रश्नांत फरक पडत नाहीं. ज्यानें गोल केला त्यास मित्र खांद्यावर घेतात. आणि ज्यानें प्रतिपक्षाचे चार गोल होऊं दिले नाहींत तो आपले बूट हातांत घेऊन मुकाट्यानें घरची वाट धरितो. ही रीत योग्य नव्हे, असें आमचें मत आहे. आणि तें वाचकांस पटवून देण्यासाठीं गोमंतकांतील एका खेळाडूची कारकीर्द येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

श्री. महेश गवळी यांचा जन्म १९८० सालीं गोव्यांत झाला. जमशेदपूर येथें टाटांनीं १९८७ सालीं स्थापिलेल्या फूटबॉल अकादमींत त्यांचें या खेळाचें शिक्षण झालें. पुढें गोव्याचा चर्चिल ब्रदर्स, कोलकात्याचा ईस्ट बेंगाल व गोव्याचाच डेंपो अशा नामांकित संघांतून ते खेळले, आणि भारताच्या राष्ट्रीय संघांतहि त्यांनीं अनेक वर्षें आपलें स्थान राखिलें. त्यांची जागा बॅकची, म्हणजे आपल्या गोलरक्षकाच्या पुढें, बचावाच्या फळींत.

या जागेचें काम पुष्कळांस सोपें वाटतें. आपल्या मैदानांवर तर ज्या मुलास वेगानें धांवतां येत नाहीं, त्यास ‘तूं मागें उभा राहा’ असें सांगण्याची चालच पडली आहे. वस्तुतः मागें उभें राहणें हें बुद्धीचें व संयमाचें काम आहे. चेंडू घेऊन येणारा गडी दिसला कीं त्याच्या अंगावर धांवून जाणारा बॅक बहुधा फसतो. कारण एकदां तो चकला, कीं त्याच्या मागें गोलरक्षकाखेरीज कोणी उरत नाहीं. जाणता बॅक धीर धरितो. चेंडू व आपला गोल यांच्यामध्यें राहून तो त्या गड्यास मैदानाच्या कडेकडे नेतो, आपल्या जोडीदारास सावध करितो, आणि चेंडू गड्याच्या पायापासून वीतभर दूर होतांच तो काढून घेतो. हें सर्व दोनचार क्षणांत घडतें. साधलें तर कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. चुकलें तर सारें गांव त्याचें नांव घेतें. पावसाळ्यांत शेताचा बांध टिकला तर त्याची आठवण कोणास होते? तो फुटला म्हणजेच माणसें तिकडे धांवतात.

गवळी यांच्या वाट्यास आलेलीं यशें पाहिलीं असतां हीच गोष्ट दिसून येते. २००३ सालीं जकार्ता येथें आसियान देशांच्या क्लबांच्या स्पर्धेंत ईस्ट बेंगालनें अंतिम सामन्यांत थायलंडच्या संघाचा ३-१ असा पराभव केला. त्या विजयी संघांत ते होते. २००७ सालीं दिल्लीस नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यांत भारतानें सीरियावर १-० असा विजय मिळवून तो चषक प्रथमच जिंकिला. तो एकमेव गोल एन. पी. प्रदीप यांनीं केला आणि त्यांचा गौरव झाला, हें योग्यच झालें. परंतु एका गोलावर चषक हातीं आला तो सीरियाच्या नांवापुढें शून्य राहिलें म्हणून. आणि त्या स्पर्धेंत भारताच्या बचावाचा भार वाहणारांपैकीं गवळी हे एक होते.

डेंपो संघानें २००७-०८, २००९-१० व २०११-१२ या हंगामांत आय-लीग ही देशांतील तेव्हांची प्रमुख स्पर्धा जिंकिली. यांपैकीं शेवटल्या हंगामांत त्या संघाच्या रँटी मार्टिन्स यांनीं ३२ गोल केले, आणि तो आंकडा रसिक अद्यापि सांगतात. त्या वैभवाच्या काळांत बचाव सांभाळणाऱ्या गवळी व समीर नाईक यांनीं गोल किती वांचविले? तो आंकडा कोठेंहि लिहिलेला नाहीं. कारण जें घडूं दिलें नाहीं त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. परदेशांतहि हीच तऱ्हा आहे. ‘बालाँ द’ऑर’ हा जगप्रसिद्ध मान १९५६ पासून दिला जातो. परंतु बेकेनबाउअर, सामर व कानाव्हारो हे तिघेच बचावाचे खेळाडू त्याचे मानकरी झाले, आणि २००६ नंतर तर एकहि नाहीं.

कोणी म्हणेल, गोल केल्यावांचून सामना जिंकतां येत नाहीं. हें खरें आहे; आणि गोल करणाराचा मान कमी करावा, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुलें ज्याची स्तुति ऐकतात तेंच शिकतात. अकराहि जणांस पुढेंच धांवावेंसें वाटलें, तर दोष त्यांचा नसून आपल्या टाळ्यांचा आहे. घरींहि तसेंच घडतें. पालक परीक्षेंतील गुणांचा आंकडा विचारतात; परंतु आई आजारी असतां धाकट्या भावंडांस जेवूं घालून वेळेवर शाळेस आलेल्या मुलीचे ते श्रम कोणत्या गुणपत्रकांत लिहिले जातात?

खेळ सोडल्यावर गवळी प्रशिक्षक झाले. २०२३ सालीं बंगळूर येथें सॅफ स्पर्धा चालू असतां राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांस मैदानापासून दूर राहण्याची शिक्षा झाली, तेव्हां उपांत्य व अंतिम सामन्याच्या वेळीं संघाजवळ उभे राहण्याचें काम त्यांचे साहाय्यक गवळी यांजकडे आलें. लेबनॉनशीं १२० मिनिटांत एकहि गोल झाला नाहीं. कुवेतशीं १-१ अशी बरोबरी झाली. दोन्ही सामने भारतानें पेनल्टीच्या फटक्यांवर जिंकिले व चषक मिळविला. संकटाच्या वेळीं धीर न सोडण्याची ज्यास आयुष्यभर संवय, त्याच्याच हातीं त्या दिवशीं सूत्रें होतीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

यास्तव आमची सूचना अशी कीं, शाळांच्या वार्षिक क्रीडासमारंभांत एक बक्षीस पिछाडीच्या खेळाडूसाठीं राखून ठेवावें, आणि तें देतांना त्यानें कोणत्या सामन्यांत काय थोपविलें हें शिक्षकांनीं चार वाक्यांत सर्वांसमक्ष सांगावें. पालकांस विनंती ही कीं, मूल खेळून घरीं आलें म्हणजे ‘गोल किती केलेस?’ या प्रश्नाबरोबर ‘अडविलेस किती?’ असेंहि विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, पुढील सामन्यांत तुम्हांस मागें उभें राहण्यास सांगितलें, तर त्यांत अपमान मानूं नका. संघाचा सर्वांत मोठा विश्वास ज्यावर असावा, ती जागा तुम्हांस मिळाली आहे असें समजा व ती नीट सांभाळा.