अनैतिक बाईची कमाई

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या बायकांसाठी आम्ही एक दिवसाचं शिबिर घेतलं. विषय होता ‘प्रेम, लग्न आणि आपण’. बोलता बोलता मी नेहमीच्या आवेशात प्रेमकथांच्या कादंबऱ्यांवर घसरले. या गुलाबी पुस्तकांनी बाईला स्वप्नात झुलवत ठेवलं, तिचं शोषण गोड केलं, सगळी रद्दीत घाला, असं म्हणून मोकळी झाले. मागच्या रांगेत पोळ्यांची कामं करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. दुपारी दोन कामांच्या मधे वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचणाऱ्या. त्यांनी विचारलं, “ताई, ते लिहिणारी बाईच असते ना? मग त्याचे पैसे तिच्या हातात येतात, की नवऱ्याच्या?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. करताना माध्यमांतल्या स्त्री-प्रतिमेवर आम्ही भरपूर वाचलं. त्या प्रतिमा विकून घर चालवणाऱ्या बाईबद्दल मात्र एक ओळही वाचली नव्हती. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला म्हणून हा लेख. आणि मैत्रिणींनो, थोडं भांडायलाही. तुमच्याशी आणि स्वतःशी.

उदाहरण घेते एलिनॉर ग्लिन या लेखिकेचं. जन्म १८६४, इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावरचा. वडील ती तान्ही असतानाच गेले. आई दोन मुलींना घेऊन कॅनडात आजोळी राहिली. पुढे आईचं दुसरं लग्न झालं आणि मुली परत जर्सीला आल्या. शाळा जवळजवळ नाहीच. १८९२ साली क्लेटन ग्लिन या जमीनदाराशी लग्न झालं. त्याने कमावण्याचं नाव घेतलं नाही, वडिलोपार्जित मुद्दल मात्र खात राहिला. १९०० साली एलिनॉरचं पहिलं पुस्तक आलं, ‘द व्हिजिट्स ऑफ एलिझाबेथ’. सुरुवातीला तो हौसेचा भाग असेल. नवऱ्याचे पैसे संपले आहेत हे उघड झाल्यावर मात्र हौस संपली. नवरा, दोन मुली, म्हातारी आई, सगळ्यांचा खर्च तिच्या लेखणीवर आला. १९११ ची ‘द रीझन व्हाय’ ही कादंबरी तिने नवऱ्याचं कर्ज फेडायला घाईघाईने लिहून काढली. ‘पैशासाठी लिहिते’ असं नाक मुरडून म्हणणाऱ्यांनी हे कर्ज कोणाचं होतं, ते एकदा विचारावं.

तिचं नाव जगभर झालं ते १९०७ च्या ‘थ्री वीक्स’मुळे. गोष्ट साधी. एका परक्या देशाची राणी, तिचा नवरा दुष्ट. स्वित्झर्लंडमध्ये तिला एक तरुण इंग्रज भेटतो आणि तीन आठवडे ती त्याच्यावर प्रेम करते. वयाने ती मोठी आहे, पुढाकार तिचा आहे, वाघाच्या कातड्यावर पहुडून बोलावते ती. त्याच्यापासून तिला मूल होतं. शेवटी नवरा तिचा खून करतो. म्हणजे लेखिकेने प्रथेप्रमाणे बाईला शिक्षा दिलीच! पण तेवढ्याने समाजाचं समाधान झालं नाही. ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत पुस्तकाला बंदी झाली. अमेरिकेत बॉस्टनला ते विकल्याबद्दल खटला होऊन शिक्षा झाली. पुस्तक मात्र लाखांनी खपलं. एलिनॉर आणि वाघाच्या कातड्यावर चावट कवनं रचली गेली, आणि ती म्हणणारे पुरुषच ते पुस्तक लपवून वाचत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. १९१५ साली एका इंग्रज चित्रपट कंपनीने ‘थ्री वीक्स’ची टिंगल करणारा विनोदी मूकपट काढला. एलिनॉरने स्वामित्वहक्काचा भंग झाला म्हणून दावा लावला. त्याच वर्षी तिचा नवरा वारला होता. न्यायमूर्ती यंगर यांनी दावा फेटाळला. टिंगल करताना मूळ पुस्तकातलं फारसं काही उचललेलं नाही, हे एक कारण त्यांनी दिलं. त्यावर वाद घालता येईल, पण ते समजण्यासारखं आहे. दुसरं कारण बघा. ही कादंबरीच अनैतिक आहे, व्यभिचाराला ती चांगलं रूप देते, म्हणून तिला कायद्याचं संरक्षण मिळणार नाही!

याचा अर्थ नीट समजून घ्या. पुस्तक विकायला बाजार मोकळा, वाचायला वाचक मोकळे, नक्कल करायला कंपनी मोकळी. फक्त जिने लिहिलं तिला ‘हे माझं आहे’ म्हणायची सोय नाही. कारण ती नीट वागलेली नाही.

हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटला. आमच्या केंद्रात तो दर आठवड्याला येतो. नवरा पोटगी द्यायची नाही म्हणतो, आणि कारण काय? ‘हिची चाल बरी नाही.’ एकाने तर समेटाच्या बैठकीत बायकोने वाचनालयातून आणलेली कादंबरी टेबलावर आपटली. पुरावा म्हणून! ती बाई नऊ वर्षं त्याच्या घरी राबली होती, दोन मुलं तिच्या पदरात होती. ते सगळं त्या एका पुस्तकाखाली झाकलं गेलं.

तो माणूस मूर्ख होता असं समजू नका. त्याला कायद्याची दिशा बरोबर कळली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये पोटगीची तरतूद होती, आणि पत्नी व्यभिचारात राहत असेल तर तिला पोटगी नाही, असं तिथेच लिहिलं होतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचार हा गुन्हा राहू दिला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमाचा नंबर १४४ झाला, वाक्य तसंच राहिलं! एखाद्या चुकीने पोटगी जात नाही, सतत तसं राहणं सिद्ध व्हावं लागतं, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. पण सिद्ध करायची गरज पडते कुठे? आरोपाचा कागद हातात पडला की भाऊ म्हणतो, “जाऊ दे ताई, शोभा नको.” आणि बाई अर्ज मागे घेते. नवऱ्याने दुसरा घरोबा केला तर त्याच्या पगारावरचा, शेतावरचा, खोलीवरचा कुठला हक्क जातो?

एलिनॉरच्या आयुष्यातही हा दुटप्पीपणा घरात शिरला होता. हिंदुस्थानचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, ज्याच्या नावाशी आपण १९०५ ची बंगालची फाळणी जोडतो, त्याच्याशी तिचे कित्येक वर्षं प्रेमसंबंध होते. त्याने तिला वाघाचं कातडं भेट दिलं. हाच कर्झन स्त्रियांना मत देण्याविरुद्धच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९१६ साली त्याचं दुसरीशी लग्न ठरल्याचं तिला वर्तमानपत्रातून कळलं, आणि तेव्हा ती त्याच्याच भाड्याच्या वाड्याची सजावट करत होती. तिने त्याची पत्रं जाळली. कर्झनच्या मोठेपणाला धक्का लागला नाही.

ती रडत बसली नाही. १९२० साली, छप्पन्नाव्या वर्षी, ती अमेरिकेत हॉलिवूडला गेली. पटकथा लिहिल्या, सेटवर उभं राहून कपडे, खोल्या, प्रेमप्रसंग कसे दिसावेत ते ठरवलं. १९२७ च्या ‘इट’ या चित्रपटासाठी तिला पन्नास हजार डॉलर मिळाले. त्याआधी १९२४ मध्ये तिच्या लेखनाचा व्यवहार बघायला कुटुंबाची कंपनीच काढली होती. १९२९ साली ती इंग्लंडला परतली, स्वतः दोन चित्रपट दिग्दर्शित केले आणि ते सपाटून पडले. १९४३ मध्ये ती वारली. त्याच वर्षी तिची धाकटी मुलगी ज्युलिएट हिने नागरिकांना सरकारकडून नियमित भत्ता मिळावा अशी योजना मांडणारं पुस्तक लिहिलं. गुलाबी कादंबऱ्यांवर वाढलेली मुलगी!

तिची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. पुरुष शिकारी असतो, बाईने त्याला खेळवत ठेवावं, असा उपदेश तिने भरपूर केला. तिची सहानुभूती सरदार-दरकदारांपुरती. तिच्या राणीची भांडी कोण घासत होतं, ते तिने विचारलं नाही. आपण यावर टीका केलीच पाहिजे. पण टीका आणि तुच्छता यात फरक आहे. ‘इट’ची सर्वांत झोंबरी टिंगल डोरोथी पार्कर या बुद्धिमान लेखिकेनेच केली होती. आपल्या शिबिरात ते काम मी केलं. बाईच्या इच्छेबद्दल लिहिणारी आणि ते वाचणारी, दोघींना मी उथळ ठरवलं. त्या नवऱ्याने पुस्तक आपटलं आणि मी रद्दीत टाकलं. दोघांच्या वागण्यात फार अंतर होतं का?

म्हणून माझं म्हणणं असं. पोटगी ही सद्वर्तनाची बक्षिसी नाही, केलेल्या श्रमांचा तो हक्क आहे. कलम १४४ मधलं ते वाक्य जावं अशी मागणी आपल्या संघटनांनी एकमुखाने करायला हवी. आणि त्याआधी आपल्याच केंद्रांतले अर्ज काढून बघा. आमच्या नोंदवहीत कालपरवापर्यंत ‘अर्जदार स्त्रीचे वर्तन’ असा एक रकाना होता. नवऱ्यासाठी तसा रकाना नव्हता. तो भरणाऱ्या आम्हीच होतो, माझं अक्षर त्यात आहे. आता तो आम्ही काढला आहे.

पुढच्या शिबिरात त्या पोळ्यांची कामं करणाऱ्या बाई आल्या, तेव्हा मी त्यांना उत्तर दिलं: पैसे तिच्या हातात येत होते, पण ‘वाईट बाई’ म्हणून ते काढून घ्यायला कोर्टसुद्धा मदतीला आलं. त्या म्हणाल्या, “मग त्यात नवीन काय सांगितलंत, ताई?”